हातचा

विधेयकाच्या मागे एक पान जोडायचं असतं.
त्या पानाची मी.
वर घुमटाखाली भाषणं होतात,
खाली तळघरात मी रकाने भरते:
राज्याला पडणारा खर्च, परगण्यांना पडणारा खर्च,
इतरांना.

एकोणीस वर्षं झाली सेलममध्ये या खुर्चीवर.
तुरुंगाच्या भिंती, शाळांची दुपारची जेवणं,
सॅमन माशांना धरण चढायच्या पायऱ्या,
सगळ्यांची किंमत सांगितली मी, सुट्ट्या डॉलरपर्यंत.

या खेपेला विषय धुराचा.
जितका धूर सोडाल तितक्या चिठ्ठ्या विकत घ्यायच्या,
दर वर्षी चिठ्ठ्या कमी, भाव जास्त.
अठ्ठ्याण्णव कलमं. वाचायलाच साडेतीन दिवस.
कागदगिरणीच्या बॉयलरचा खर्च
गिरणीवाले सांगतात एक, नदीवाले सांगतात दुसरा;
मी मधे एक आकडा ठेवला,
भांडणाऱ्या पोरांच्या मधे उशी ठेवावी तसा.

'इतरां'मध्ये मर्ल आहे.
हे पानावर येत नाही.
धाकटा भाऊ. डोंगरातून ओंडके वाहतो,
ट्रक चौऱ्याण्णवचा, गॅलनला पाच मैल,
चढावर तेवढेही नाहीत.
मंगळवारी आला तो, एकटा नाही,
दोनशे ट्रकांनी विधानभवनाला वेढा घातलेला,
भोंगे दाबून धरलेले.
माझ्या टेबलावर पेन्सिलींचा डबा थरथरत होता.
एवढ्या गदारोळातही त्याचा भोंगा कळला मला:
घोगरा, वडिलांच्या खोकल्यासारखा.

दुपारी खाली आला, अंगाला सीडरचा आणि डिझेलचा वास.
"लोरेटा, तुझ्या कागदात मी कितीला पडलो?"
म्हटलं, तू वेगळा नाहीस दाखवलेला,
तू वाहतुकीत मोडतोस.
"मोडतो खरा," म्हणाला,
आणि माझ्या डब्यातलं अर्धं सँडविच खाऊन गेला.

आईचं घर आम्ही दोघांनी विझताना पाहिलं.
सप्टेंबर होता, पूर्वेचा वारा,
दिवसाढवळ्या दरीत नारिंगी अंधार.
मर्लनेच तिला ट्रकमध्ये घातलं,
मांडीवर मांजर, पायात दोन वेगळे बूट.
परत गेलो तेव्हा धुराडं तेवढं उभं,
आणि विम्याचा माणूस, टेप घेऊन, मोजायचं काय ते शोधत.
त्या घराला रकाना नव्हता.
मी विचारलं होतं एकदा मिसेस ओशिरोंना,
काही केलंच नाही तर त्याचा खर्च कुठे लिहायचा?
त्या चष्मा पुसत म्हणाल्या,
विधेयक नाही तर पान नाही, लोरेटा.

आणि तरी मर्लला मी काय सांगू?
हप्ता त्याचा आहे, टायर त्याचे आहेत,
नवा ट्रक त्याच्या तीन वर्षांच्या कमाईएवढा.
जंगल जळतं तेव्हा सगळ्यांचं जळतं,
बिल मात्र नावाने येतं.

शेवटच्या रकान्यात
आम्हाला एक शब्दप्रयोग करायची मुभा आहे.
केला: 'निश्चित करता येत नाही.'
सही. तारीख.

गुरुवारी काही सभासद उठून निघून गेले,
गणसंख्या भरली नाही, विधेयक बारगळलं.
माझं पान खोक्यात गेलं, खोकं भिंतीकडे.
पुढच्या सोमवारी मर्लचा फोन:
डिझेल अकरा सेंटांनी चढलं.
"आता कुणाच्या कायद्याने गं?"
मागे पाण्याचा आवाज येत होता, बहुधा ट्रक धूत असावा.

लहानपणी स्वयंपाकघरातल्या टेबलावर
आई आम्हाला बेरजा घालायची.
सहा नि सात तेरा, तेराचे तीन...
मर्ल दर वेळी तिथेच अडायचा.
"आणि हातचा एक? तो कुठे गेला?" आई विचारायची.
तो मूठ उघडून बघायचा.
खरंच बघायचा,
पालथी करून, पुन्हा उताणी करून,
मग माझी मूठ ओढून
तीही उघडायला लावायचा.